मोबाइलवरील पाहणीतील गळती

मोबाइलवरील पाहणीतील गळती : मोबाइल फोनच्या पडद्यावर आलेल्या प्रश्नावलीची उत्तरे देण्यास सुरुवात करून ती पुरी न करताच सोडून देण्याच्या घटनेस पाहणीतील गळती असे म्हणतात. सांख्यिकीच्या परिभाषेत ती अप्रतिसादाचाच एक प्रकार होय. मात्र अप्रतिसादाच्या अन्य दोन प्रकारांपासून ती वेगळी ओळखावी लागते. प्रश्नावलीची लिंक मिळूनही ती न उघडणे हा संपूर्ण अप्रतिसाद, तर प्रश्नावली शेवटपर्यंत नेऊन मधले एखादे उत्तर कोरे सोडणे हा प्रश्नगत अप्रतिसाद होय. गळतीत व्यक्ती पाहणीस राजी झालेली असते, काही उत्तरे तिने दिलेलीही असतात आणि नेमक्या कोणत्या प्रश्नाशी ती थांबली याची नोंद यंत्रणेत राहते. त्यामुळे गळतीचे कारण बव्हंशी प्रश्नावलीच्या रचनेत शोधता येते व रचना सुधारून ती कमीही करता येते.

गळतीमुळे केवळ उत्तरांची संख्या घटते, असे समजणे चुकीचे ठरेल. संख्या घटली, तर आणखी लोकांना लिंक पाठवून ती भरून काढता येते. खरी अडचण अशी, की सोडून जाणारे आणि टिकून राहणारे हे प्रायः सारख्या परिस्थितीतील लोक नसतात. ज्याचा फोन जुना, ज्याला टंकलेखनाची सवय नाही, ज्याला प्रश्नाची भाषा परकी वाटते किंवा जो कामाच्या घाईत आहे, तो आधी गळतो. पाणी, शौचालय, घराची स्थिती यांविषयीच्या पाहणीत ज्यांचे उत्तर ऐकणे सर्वांत निकडीचे असते, नेमके तेच लोक अशा रीतीने निष्कर्षातून वगळले जातात आणि सोय बरी असलेल्यांचे मत हे सर्व वस्तीचे मत म्हणून नोंदले जाते.

पार्श्वभूमी : घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत प्रश्नावली अर्धवट राहण्याचा प्रश्न फारसा जाणवत नसे. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची केलेली व १९१७ साली प्रसिद्ध झालेली पाहणी, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, तसेच १९५० पासून सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी, या सर्वांत माहिती गोळा करणारा कार्यकर्ता समक्ष दारात उभा असे. ओसरीवर बसलेल्या माणसाला ‘आता पुरे’ असे सांगून उठविणे घरधन्याला जड जाते. प्रश्न कळला नाही, तर कार्यकर्ता तो फोडून सांगे. उत्तर देणारा कंटाळला, तर दोन इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलून पुन्हा मूळ विषयावर येई. या संकोचाचे आणि साहाय्याचे मोल किती मोठे होते, हे तो कार्यकर्ता नाहीसा झाल्यावर कळले.

टपालाने प्रश्नावली पाठविण्याची पद्धत रूढ झाल्यावर अप्रतिसादाचे धोके उघड झाले. अमेरिकेतील ⇨लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सु. १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या, त्यांपैकी सु. २३ लाखांहून अधिक परत आल्या. एवढ्या प्रचंड संख्येवरून केलेले भाकीत साफ चुकले आणि फ्रँक्लिन रूझवेल्ट मोठ्या बहुमताने निवडून आले. मतपत्रिका परत पाठविणारे व न पाठविणारे यांच्या मतांतच अंतर होते, हे त्या फसगतीचे एक प्रमुख कारण असल्याचे पुढे दाखवून देण्यात आले. मॉरिस हॅन्सेन आणि विल्यम हरविट्झ यांनी १९४६ साली यावर एक उपाय सुचविला. त्याचे विवरण पुढे येईल. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील १९५४ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे हे शास्त्र भारतातील विद्यार्थ्यांना सुलभ झाले.

महाराष्ट्रात मोबाइल फोनच्या साहाय्याने झालेली एक मोठी पाहणी म्हणून राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२४ या काळात केलेल्या पाहणीचा निर्देश करता येईल. मराठा समाजाचे मागासलेपण तपासण्यासाठी केलेल्या या पाहणीत सु. १ कोटी ५८ लाख कुटुंबांची माहिती घेण्यात आली आणि तिच्या आधारे आयोगाने १६ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनास अहवाल सादर केला. प्रश्नावलीत दीडशेहून अधिक प्रश्न होते. एवढी लांब प्रश्नावली केवळ लिंक पाठवून लोकांकडे सोपविली असती, तर तिच्या शेवटापर्यंत थोडेच पोहोचले असते. येथे मात्र फोन प्रगणकाच्या हातात होता, कुटुंबाच्या नव्हे; म्हणून ती तडीस गेली. याउलट केंद्र शासनाच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० च्या प्रारंभी घेतलेल्या नागरिक-मत पाहणीत आणि २०१६ पासून चालू झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणाच्या नागरिक-अभिप्राय या भागात उत्तरे मुख्यतः लोकांनी स्वतः भरावयाची होती. पहिल्या पाहणीत १११ शहरांतील सु. ३२ लाख लोकांची उत्तरे मिळाली व शहरांच्या सुलभ जीवन निर्देशांकात त्यांना ३० टक्के भार देण्यात आला. म्हणजे कोण टिकला व कोण गळला यावर शहराचा क्रम काही अंशी अवलंबून राहिला.

गळतीचे मोजमाप : गळतीचे प्रमाण सांगताना छेद कोणता धरला हे सांगणे आवश्यक असते, अन्यथा एकाच पाहणीचे तीन वेगवेगळे आकडे सांगता येतात. समजा, उल्हासनगर कॅम्प १ मधील पाणीपुरवठ्याविषयी १,००० कुटुंबांना लिंक पाठविली (येथील व पुढील उदाहरणांतील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत). त्यांपैकी ४२० जणांनी ती उघडली, ३५० जणांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि २४५ जण शेवटपर्यंत पोहोचले. सुरुवात करणाऱ्यांच्या तुलनेत पूर्ततेचे प्रमाण ७० टक्के, म्हणजे गळती ३० टक्के होते. लिंक उघडणाऱ्यांच्या तुलनेत पूर्तता ५८ टक्के, तर पाठविलेल्या लिंकच्या तुलनेत ती २४·५ टक्केच भरते. यांपैकी पहिला आकडा प्रश्नावलीच्या रचनेविषयी सांगतो. निष्कर्ष वस्तीला कितपत लागू पडतील, हे मात्र शेवटच्या आकड्यावरूनच ठरवावे लागते. अहवालात बहुधा पहिलाच आकडा ठळकपणे दिलेला आढळतो.

एकूण प्रमाणापेक्षा प्रश्नवार गळती अधिक उपयुक्त असते. ज्या प्रश्नापर्यंत जितके लोक पोहोचले, त्यांपैकी किती तेथेच थांबले, हे गुणोत्तर प्रत्येक प्रश्नासाठी काढतात. वरील उदाहरणात नवव्या प्रश्नापर्यंत ३१० जण आले व ३१ थांबले, तर तेथील गळती १० टक्के होय. विसाव्या प्रश्नापाशी २६२ पैकी ६ जण थांबले, तर ती सु. २·३ टक्के होय. अशा वेळी प्रश्नावली लांब आहे म्हणून लोक कंटाळले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. नवव्या प्रश्नातच काही खोड आहे, असे समजून तो तपासावा लागतो. अँडी पेचेव्ह यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या विभागाची प्रस्तावना सांगणारे पडदे आणि डोक्याला अधिक ताण देणारे प्रश्न यांपाशी गळती वाढते, असे दिसून आले.

कारणे : प्रश्नावलीची लांबी हे सर्वांस सुचणारे पहिले कारण होय. मिर्ता गालेसिक व मिखाएल बॉस्न्याक यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना १० मिनिटे, काहींना २० व काहींना ३० मिनिटे लागतील असे आरंभी सांगितले. सांगितलेला वेळ जसजसा वाढला, तसतसे सुरुवात करणारे व पुरी करणारे असे दोन्ही घटले. शिवाय उशिरा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे अधिक घाईने, अधिक त्रोटक व एकसारखी दिलेली आढळली. म्हणजे जे गळले नाहीत, तेही मनाने निघून गेलेले असू शकतात. तथापि लांबीलाच सर्व दोष देणे योग्य नव्हे. मायकेल होर्जर यांनी २०१० साली अमेरिकेतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांवरून दाखविले, की सु. १० टक्के लोक अगदी प्रारंभीच सोडून जातात आणि त्यानंतर दर १०० प्रश्नांमागे सु. २ टक्क्यांची भर पडते. हे प्रमाण महाविद्यालयीन तरुणांचे असल्याने जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाही. पण पहिल्या पडद्याचे महत्त्व त्यावरून ध्यानात येते.

मोबाइल फोनची स्वतःची म्हणून काही कारणे आहेत. संगणकासमोर मनुष्य बसलेला असतो, फोन हातात घेतलेला मनुष्य बहुधा दुसरे काही करीत असतो. मध्येच फोन वाजतो, संदेश येतो, गाडीतून उतरावे लागते, विद्युत्‌घटाचा भार संपतो. पडदा हातभर नसून तळहाताएवढा असल्याने मजकूर सतत सरकवावा लागतो. कोष्टकासारखे प्रश्न, म्हणजे उभ्या स्तंभात सेवांची यादी व आडव्या ओळीत ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत पर्याय असलेले, अशा पडद्यावर मावत नाहीत, उजवीकडचे पर्याय दृष्टीआडच राहतात आणि ते सर्व असमाधानाचेच असतील, तर निष्कर्षही डावीकडे झुकतो. बोटाने सरकविण्याच्या पट्ट्या दिसावयास आकर्षक असल्या, तरी फ्रेडरिक फुंके व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या प्रयोगात साध्या टिकल्यांच्या तुलनेत त्यांच्यापाशी गळती अधिक झाली, आणि ती कमी शिकलेल्यांत विशेष दिसली.

आणखी एक कारण भारतात वेगाने वाढले. अनोळखी क्रमांकावरून आलेली लिंक उघडल्यास बँकेतील पैसे जातात, हे आता घरोघरी माहीत झाले आहे. फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक शासनानेच दिलेला आहे. अशा स्थितीत नाव, जन्मतारीख किंवा आधार क्रमांक विचारणाऱ्या पडद्यापाशी मनुष्य थांबला, तर तो शहाणपणानेच वागला असे म्हटले पाहिजे. त्याचा भित्रेपणा दूर करण्याचे उपाय शोधण्याऐवजी ती माहिती खरोखरच लागते काय, हे पाहणी करणाऱ्याने स्वतःस विचारावे.

वस्तीचे स्वरूप आणि प्रश्नावली : एकाच साच्याची प्रश्नावली सर्वत्र पाठविल्यास गळती कशी होते, हे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर महानगरपालिकेची लोकसंख्या सु. ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सु. २ लाख ५३ हजार व कुळगाव-बदलापूरची सु. १ लाख ७४ हजार होती. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागेत वसवून उभे राहिलेले शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यास सध्याचे नाव मिळाले. परंतु छावणीचा वारसा पत्त्यांत टिकून राहिला. शहर पाच कॅम्पांत विभागलेले असून लोक आपला पत्ता कॅम्पचा क्रमांक, बराकीचा क्रमांक व खोलीचा क्रमांक असा सांगतात. आता ‘रस्त्याचे नाव’ आणि ‘इमारतीचे नाव’ या दोन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी प्रश्नावली कॅम्प १ मधील जुन्या बराकीत राहणाऱ्याच्या हाती पडली, तर काय होईल? त्याच्याजवळ पत्ता आहे, पण प्रश्नावलीत त्यास जागा नाही. काहीतरी भरून तो पुढे जाईल किंवा तेथेच सोडून देईल. या ठिकाणी ४२१००१ हा पिनकोड व बराक-खोलीचा एक मोकळा रकाना पुरेसा असतो; पुष्कळदा तर नुसता कॅम्प क्रमांक पुरतो.

उत्तर देणे सक्तीचे केल्याने माहिती पूर्ण मिळते, ही समजूत अशा रीतीने उलट फळ देते. श्टेफान श्टिगर व सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविल्याप्रमाणे सक्तीच्या प्रश्नांमुळे गळती वाढते. एक उत्तर कोरे राहणे परवडले, पण त्यापुढील वीस उत्तरे जाणे परवडत नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. या शहरात मराठी, सिंधी व हिंदी या तिन्ही भाषा नित्य कानी पडतात. सिंधी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ साली झाला. ती भारतात अरबी-फार्सी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते. वडीलधाऱ्या पिढीतील कित्येकांना पहिली लिपी सवयीची, तर येथे जन्मून मराठी, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ती वाचता येत नाही. तेव्हा प्रश्नावलीत ‘सिंधी’ असा एकच पर्याय ठेवला, तर तो निवडणाऱ्यांपैकी एका गटाला पुढील पडद्यावर न वाचता येणारी अक्षरे दिसतील व तो गळेल. लिपीनुसार दोन पर्याय ठेवणे आणि त्यांची नावे त्या त्या लिपीतच लिहिणे हा यावरील उपाय होय. अरबी-फार्सी वळणाची लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जाते. म्हणून केवळ मजकूर बदलून भागत नाही. पर्यायापुढील टिकली, ‘पुढे’ची खूण व प्रगतीची पट्टी यांचीही दिशा उलटावी लागते, अन्यथा ‘पुढे’ समजून ‘मागे’ दाबले जाते.

मराठीपुरतेही हे काम वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरात वाक्ये लांबतात. वर-खाली मात्रा व उकार असल्याने देवनागरीस दोन ओळींत अधिक अंतर लागते आणि तेवढ्याच पडद्यावर कमी मजकूर मावतो. शासकीय शब्द व बोलण्यातील शब्द यांतील अंतराचीही भर पडते. ‘आपल्या कुटुंबास प्रतिदिनी किती कालावधीपर्यंत जलपुरवठा होतो?’ असे विचारण्याऐवजी ‘तुमच्याकडे रोज नळाला पाणी किती वेळ येते?’ असे विचारले, तर वाचण्याचा वेळ व मनाचा शीण दोन्ही वाचतात. मोकळे उत्तर मागणाऱ्या प्रश्नांपाशी मोबाइलवर विशेष गळती होते. त्यात देवनागरी कळफलकाची सवय नसलेल्यांची भर पडते. अनेक जण मराठी मजकूर रोमन लिपीत टंकित करतात. तसे उत्तर चालेल असे स्पष्ट लिहावे, किंवा बोलून उत्तर नोंदविण्याची सोय द्यावी.

फोन कोणाच्या हातात असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात स्वतः वापरण्याचा मोबाइल फोन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५३·९ टक्के होते. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३·३ टक्के, तर पुरुष ५७·१ टक्के होते. घरात पाणी भरणारी, रेशन आणणारी, मुलांना दवाखान्यात नेणारी स्त्री आणि लिंक ज्या फोनवर आली त्या फोनचा मालक हे दोघे वेगळे असण्याचा संभव मोठा. नळाला पाणी किती वाजता येते, हे ठाऊक नसलेला पुरुष त्या प्रश्नापाशी थांबला, तर ती गळती कंटाळ्याची नसून अज्ञानाची असते. ‘ही माहिती घरातील ज्या व्यक्तीस आहे तिच्याकडे फोन द्या’ अशी सूचना आणि अर्धवट प्रश्नावली साठवून संध्याकाळी पुढे चालू करण्याची सोय, अशा दोन गोष्टींनी ती टळू शकते.

अडचणीचे प्रश्न : ज्यांच्या उत्तराने आपले नुकसान होईल अशी भीती वाटते, त्या प्रश्नांपाशी गळती होणे स्वाभाविक असते. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. धोकादायक इमारतींची माहिती वेळीच मिळणे ही अशा शहरात जीवनमरणाची बाब आहे. परंतु याच शहरात अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा प्रश्न अनेक वर्षे गाजलेला असल्याने ‘इमारतीस परवानगी आहे काय?’ असा प्रश्न तिसऱ्याच पडद्यावर विचारला, तर घर पाडले जाईल या धास्तीने रहिवासी प्रश्नावली बंद करील आणि छताला पडलेल्या भेगांविषयीचे पुढचे प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. भेगा, गळके छत, उघड्या पडलेल्या सळया यांविषयी आधी विचारावे. परवानगीचा प्रश्न शेवटी ठेवावा अथवा गाळावा, कारण ती माहिती पालिकेच्या दप्तरात असावयास हवी, रहिवाशाकडून मिळविण्याची नव्हे. अत्यावश्यक प्रश्न आधी आणि नाजूक प्रश्न नंतर हा क्रम सर्वमान्य आहे. मात्र पहिले काही प्रश्न सोपे व विषयाला धरून असावेत. वय, जात, उत्पन्न असे प्रश्न आरंभी ठेवण्याची कागदी अर्जाची सवय येथे सोडावी लागते.

रचनेतील उपाय : पहिल्या पडद्यावर पाहणी कोणाची, कशासाठी, किती मिनिटांची व उत्तरांचे पुढे काय होणार एवढे चार ओळींत सांगावे. वेळ कमी सांगून फसवू नये. पाच मिनिटे सांगून पंधरा घेणाऱ्या पाहणीतून लोक मध्येच उठतात आणि पुढच्या पाहणीची लिंक उघडतही नाहीत. एका पडद्यावर एकच किंवा मोजके प्रश्न, अंगठ्याने सहज दाबता येतील एवढे मोठे व एकाखाली एक पर्याय, कोष्टकाऐवजी सुटे प्रश्न, ही मोबाइलवरील रचनेची सर्वसाधारण पद्धत होय. ज्याच्याकडे नळच नाही, त्यास नळाविषयीचे सहा प्रश्न दाखवू नयेत. आयगुल माव्हलेतोव्हा व मिक कूपर यांनी २०१५ साली मोबाइलवरील पाहण्यांच्या ३९ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात मोबाइलच्या पडद्याजोगी रचना, लहान प्रश्नावली, साधी मांडणी, आधी संमती घेतलेले उत्तरदाते, अधिक स्मरणपत्रे आणि फोन की संगणक हे निवडण्याची मुभा, या बाबींमुळे गळती कमी होते असे आढळले.

किती काम झाले हे दाखविणाऱ्या पट्टीविषयी लोकसमज आणि प्रयोग यांत तफावत आहे. अशी पट्टी नेहमीच उत्साह वाढविते असे मानले जाते. आना व्हिलार, मारियो काल्लेगारो व योंग्वेई यांग यांनी २०१३ साली ३२ प्रयोगांची छाननी केली, तेव्हा एकसारख्या गतीने पुढे सरकणाऱ्या पट्टीने गळती कमी होत असल्याचे दिसले नाही. प्रारंभी भरभर व नंतर हळू सरकणारी पट्टी लोकांस धरून ठेवते, तर प्रारंभी हळू सरकणारी त्यांना पळवून लावते. पहिल्या प्रकारची पट्टी मुद्दाम वापरणे ही उत्तर देणाऱ्याची एक प्रकारे दिशाभूलच होय; शासकीय पाहणीत ती टाळलेली बरी. लहान प्रश्नावलीत पट्टीची गरजच नसते.

उत्तरे दिल्याबरोबर फोनमध्येच साठवून ठेवणे आणि संपर्क येताच ती मध्यवर्ती संगणकाकडे धाडणे, ही तांत्रिक सोय इतर अनेक उपायांपेक्षा अधिक फलदायी आहे. शहाड, विठ्ठलवाडी, अंबरनाथ किंवा बदलापूर येथून लोकलने मुंबईकडे जाणारा प्रवासी गर्दीत उभ्याने दोन-तीन प्रश्न सोडवितो, मग उतरतो. सायंकाळी तीच लिंक उघडल्यावर जेथे सोडले तेथूनच पुढे सुरू झाले, तर तो गळलेला नसून थांबलेला असतो. पहिल्यापासून सुरू करावे लागले, तर मात्र तो बहुधा कायमचा जातो. स्मरणसंदेश केव्हा पाठवावा, हेही वस्तीवर अवलंबून असते. नोकरदारांना सकाळच्या धावपळीत, तर दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या वेळी आलेला संदेश वाया जातो. सणासुदीचे दिवस वर्ज्य समजावेत. फोन रिचार्जसारख्या लहान मोबदल्याने सुरुवात करणारे वाढतात, पण केवळ मोबदल्यासाठी भराभर टिकल्या दाबणारेही वाढतात.

फार मोठी प्रश्नावली अटळच असेल, तर ती तोडून वाटून देता येते. गाभ्याचे प्रश्न सर्वांना आणि उरलेले भाग यदृच्छया निवडलेल्या गटांना, अशी विभागलेल्या प्रश्नावलीची रीत त्रिवेल्लोर रघुनाथन व जेम्स ग्रिझल यांनी १९९५ साली मांडली. प्रत्येकास थोडेच प्रश्न पडतात आणि एकूण चित्रासाठी सर्व प्रश्नांची उत्तरे मिळतात. विश्लेषण मात्र अधिक कौशल्याचे होते.

उरलेल्या गळतीची भरपाई : सर्व उपाय करूनही काही गळती राहतेच. तिच्यासाठी वय, लिंग, वस्ती यांनुसार उत्तरांना कमी-अधिक भार देण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु एकाच वयाच्या व एकाच कॅम्पमधील टिकलेल्या व गळलेल्या माणसांचे म्हणणे सारखेच आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि नेमके तेच शंकास्पद असते. हॅन्सेन-हरविट्झ यांची रीत यासाठी अजूनही सर्वांत भरवशाची आहे. वरील उदाहरणातील १,००० कुटुंबांपैकी २४५ कुटुंबांनी प्रश्नावली पुरी केली व नळाला सरासरी २ तास पाणी येते असे सांगितले. उरलेल्या ७५५ कुटुंबांतून दर पाचास एक अशी १५१ कुटुंबे यदृच्छया निवडून त्यांच्या घरी समक्ष कार्यकर्ते पाठविले आणि तेथे सरासरी १ तास पाणी येते असे आढळले. या १५१ कुटुंबांना सर्व ७५५ कुटुंबांचे प्रतिनिधी मानून सरासरी काढल्यास ती २ तास नव्हे, तर सु. १ तास १५ मिनिटे येते. पालिकेने पहिल्या आकड्यावर समाधान मानले असते, तर पाऊण तासाची तूट दप्तरात कोठेच दिसली नसती. घरी जाण्याचा खर्च १५१ घरांपुरताच होतो, हा या रीतीचा विशेष होय.

अर्धवट सोडलेल्या प्रश्नावलीतील उत्तरे वापरावीत की नाहीत, याविषयी मतभेद आहेत. सांख्यिकीच्या दृष्टीने ती टाकून देणे म्हणजे हाती आलेली माहिती दवडणे होय. परंतु सोडून जाणाऱ्याने आपली संमतीच मागे घेतली असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. ‘तुम्ही मध्येच थांबलात, तर तोवरची उत्तरे वापरली जातील’ किंवा ‘पुसून टाकली जातील’, यांपैकी जे खरे असेल ते पहिल्याच पडद्यावर लिहिणे इष्ट. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या केंद्रीय अधिनियमानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय व्यक्तीस मिळावयास हवा, तसेच संमती देण्याइतकेच ती मागे घेणेही सोपे असावयास हवे. संशोधन व सांख्यिकी यांच्या कामास काही अटींवर सवलत आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

१६ जून २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या व १ मार्च २०२७ हा बहुतेक भारतासाठी संदर्भदिन असलेल्या जनगणनेत प्रगणकांनी मोबाइलवर माहिती नोंदविण्याबरोबरच कुटुंबांना ती स्वतः ऑनलाइन भरण्याची मुभा ठेवण्यात आली. स्वगणना न करणाऱ्या किंवा ती अर्धवट टाकणाऱ्या घरी प्रगणक जावयाचाच असल्याने तेथील गळती अंतिम मोजणीत दडून राहण्याचा संभव कमी असतो. केवळ लिंक पाठवून होणाऱ्या पालिकांच्या व संस्थांच्या पाहण्यांना असा दुसरा फेरा बहुधा नसतो. [→ जनगणना, नमुना पाहणी].